सिनेमातली जॅसिंता

श्रीरंग,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही.

तुझा सिनेमा परवा इथे दुबईत पाहिला. बरोबर माझा नवरा ऑस्कर होता, लेक होती. एकोणीसशे तीसच्या सुमाराची मंदी, बंद पडलेली गिरणी, आणि प्रियकराला सोडून कुंटणखान्यात जाऊन बसणारी वसईची ख्रिश्चन मुलगी. तो बिचारा जन्मभर तिला शोधत फिरतो. थिएटरात लोक डोळे पुसत होते. नायिकेचं नाव तू जॅसिंताच ठेवलंस. लेक ओरडली, "मम्मा, दॅट्स युवर नेम!"

कुणी कुणाला सोडलं रे? आईला ख्रिश्चन सून चालणार नाही म्हणालास. म्हटलं, खलास, आणि इथे हॉटेलात नोकरी धरली. तू मात्र मित्रांना सांगत सुटलास, "दुबईच्या हॉटेलात गेली, म्हणजे काय ते समजून जा." ते माझ्या डॅडींच्या कानावर गेलं. मरेपर्यंत त्यांनी चर्चमध्ये मान वर केली नाही. आता तेच खोटं तू तिकीट लावून दाखवतोस!

शुक्रवारी इथलं मराठी मंडळ तुझा सत्कार करणार आहे. तुझं आणि आईंचं बुकिंग आमच्याच हॉटेलात आहे. काउंटरवर मी असेन, कोटावर नावाची पट्टी लावून. आईंना वाकून नमस्कार करेन आणि लॉबीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, "या आई. तुमच्या मुलाच्या सिनेमातली जॅसिंता ती मीच. आणि हाच तो कुंटणखाना."

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर तू हॉटेल बदलशील.

तुझी वाट पाहणारी,
जॅसिंता
ड्युटी मॅनेजर