त्या दोन ओळी

मंगळवार, १२ ऑगस्ट १९७५

काल सकाळी पाणी भरलं, शेगडी पेटवली, मामंजींना चहा दिला आणि पेपर घेऊन त्यांच्या खाटेशी बसले. सासऱ्यांना आता दिसत नाही. खेळाचं पान आधी हे वाचायचे. त्यांच्या मागून डोकावून अक्षरं मी माझीच शिकले.

विलायतेचा एक कौंटी बॉलर नागपुरात खेळून गेला होता. त्याच्या सरावाला चेंडू टाकायला गेलेल्या ह्यांना त्यानं चेंडूची पकड दाखवली. तेवढ्यावर ह्यांनी मरेपर्यंत त्याच्या विकेट वाचल्या. अजूनही मामंजी रोज विचारतात.

"काय वं, माह्या पोराच्या बॉलरनं किती काढल्या?"

काल पानाच्या तळाशी दोनच ओळी होत्या. त्या बॉलरचा गुडघा निकामी, संघानं सोडलं, खेळ संपला. त्या ओळींवर बोट ठेवून मी म्हणाले, "चार, मामंजी."

"चारच? पोटभर जेवून बॉलिंग करून राहिला होता काय वं?"

किती दिवसांनी मामंजी हसले. मग दिवसभर माझ्या डोक्यात त्या दोन ओळी. उद्या काय सांगू? परवा?

ह्यांना कोराडीच्या वीजकेंद्राच्या कामावर अपघात झाला, तेव्हा शेजारचे मला संध्याकाळपर्यंत "बरे आहेत" म्हणत राहिले. त्यांना सगळं माहीत होतं. मी दवाखान्यात न्यायला भाकरी बांधत होते. तो राग अजून गेला नाही. मग काल मी काय वेगळं केलं?

आज सकाळी कालचाच पेपर काढला आणि मामंजींना खरी बातमी वाचून दाखवली.