आठचा टँकर

७ एप्रिल, सोमवार. पहाटे ५.४०
नगरच्या हॉटेलातलं तीन दिवसांचं ट्रेनिंग काल संपलं. बॉटलनेक! हा एक शब्द बास. कुठल्याही संस्थेत खरा अडथळा एकच असतो, बाकी सगळे त्याच्यामागं रखडतात. तो शोधा, मोकळा करा, काम सुसाट. ओळखायची खूणही सरांनी सांगितली: रांग ज्याच्यासमोर साठते तोच अडथळा. लाल पेनानं लिहून ठेवलंय.

आमच्या दूध केंद्रावर सहापासून सत्तर कॅन येतात. टँकर आठला सुटायला पाहिजे, सुटतो पावणेनऊला. चेअरमन मुक्ताबाई म्हणाल्या आहेत की महिनाअखेरपर्यंत आठचा टँकर आठला निघाला तर राहुरीच्या नव्या प्लँटचे मॅनेजर तुम्ही. नाही निघाला तर बघू. बघायचंय काय त्यात? मीच.

८ एप्रिल
स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. पहिल्याच दिवशी अडथळा सापडला! बनुबाई. अकरा वर्षं दुधाची फॅट मोजायच्या मशीनवर बसलीय, चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. एका सॅम्पलला पन्नास सेकंद! त्यानंतर फक्त पावतीवर माझी सही, आणि मग कॅन कूलरमध्ये ओतायचा. सहीचं टायमिंग घेतलं नाही. सही हे काम नसतं, ती केंद्रप्रमुखाची जबाबदारी असते.

९ एप्रिल
सकाळी साडेसहाला सगळ्यांना उभं करून बॉटलनेक समजावला. चाळीस मिनिटं. बनुबाई म्हणाली की साहेब, माज्यापशी एकबी कॅन थांबत न्हाई, समदे तुमच्या टेबलापशी हायती. उद्धट बाई. लोक माझ्या टेबलापाशी थांबतात ते मानानं थांबतात. हिला मान म्हणजे काय ते काय माहीत.
टँकर ९.१०.

११ एप्रिल
तिच्या बोलण्यामुळं नाही, पण माझ्या टेबलासमोर रांग दिसणं बरं नाही. चुकीचं चित्र जातं. आजपासून सगळ्यांनी मशीनसमोर थांबायचं, नंबर पुकारला की माझ्याकडं यायचं. आता रांग कशी स्वच्छ बनुबाईसमोर! फोटो काढून मुक्ताबाईंना व्हॉट्सॲप केला. खाली लिहिलं: अडथळा. निळ्या टिक्स आल्या. पटलं त्यांना.
टँकर ९.०५. पाच मिनिटं वाचली!

१५ एप्रिल
बनुबाईला कॅन धुवायला लावलं. मशीनवर कॅन धुणारी निकिता, जोडीला दुसरं मशीन आणून त्यावर अंगद. ६.५० ला सत्तरच्या सत्तर पावत्या माझ्या टेबलावर! याला म्हणतात रिझल्ट. मग मी एकेक पावती तपासली, कालच्या पावतीशी ताडून पाहिली, सही केली. माझी सही म्हणजे नुसता फराटा नव्हे. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, खाली तारीख, त्यावर शिक्का.
टँकर ९.४०. शिक्क्याची शाई वाळली होती. स्टेशनरीवाला हरामखोर आहे.

१७ एप्रिल
अख्खा टँकर परत आला. दूध नासलं. यंदा ऊनच भयंकर आहे. ड्रायव्हर सहादेव सगळ्यांदेखत म्हणाला की साहेब, दूध दोन दोन तास उनात तुमच्या सहीची वाट बघतंय, तुमी कोन हाय ते त्याला काय ठावं? सगळे खदाखदा हसले. हसणाऱ्यांची नावं मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत.
बनुबाई हसली नाही. गटारीत ओतलेल्या दुधाकडं बघत बसली. म्हणाली की अकरा वर्सांत असं कदी झालं न्हवतं. मला टोमणा होता तो. कळतं मला.

१८ एप्रिल
पक्का निष्कर्ष: बनुबाई केंद्रात आहे हाच अडथळा. तिला कमी करा, असं मुक्ताबाईंना लेखी पाठवलं. उद्या शनिवार, सुट्टी टाकून शिंगणापूरला जातो. इतकं शास्त्रशुद्ध काम करूनही गाडी अडते म्हणजे ग्रह आडवे आलेत. शिक्का कपाटात कुलूपबंद, चावी माझ्या खिशात. चालवून दाखवा म्हणावं माझ्याशिवाय!

१९ एप्रिल, शनिवार. दुपारी १
शनिदेवाला पाच लिटर तेल वाहिलं. अडथळा दूर कर रे बाबा, एवढंच मागितलं. बाहेर आलो तोच सहादेवचा फोन. टँकर ७.२० ला सुटला! अंगावर काटा आला. ७.२० ला तर मी अजून दर्शनाच्या रांगेतच होतो, तेल वाहायचंच होतं. पण देवाला आधीच कळतं.

२१ एप्रिल
मुक्ताबाईंनी ऑफिसात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शनिवारी त्या न सांगता सहापासून केंद्रावर बसून होत्या म्हणे. बनुबाईला मशीनवर बसवलं, पावती निघाली की कॅन थेट कूलरमध्ये. मी म्हणालो, बघा, माझी सिस्टिम आता कुठं लागू पडायला लागली. त्यांनी चहा संपवला. म्हणाल्या की तुमचा फोटो बघून मुद्दाम अडथळा बघायला गेल्ते, पर तो दिसला न्हाई. तो शिंगणापूरला गेल्ता.
केंद्र उद्यापासून बनुबाईकडं. मला पशुखाद्याच्या गोदामावर धाडलंय. नव्या प्लँटचं विचारायचं राहूनच गेलं. घरी सांगितलेलं नाही.

२२ एप्रिल
गोदामावर रुजू व्हायला कार्यमुक्तीचा कागद लागतो. त्यावर केंद्रप्रमुखाची सही पाहिजे. म्हणजे बनुबाईची.
टेबल कालपर्यंतचं माझंच होतं. पुढं रांग नव्हती, मी एकटाच. खिशातलं स्टॉपवॉच गुपचूप चालू केलं. म्हटलं, आता कळेल हिला सही करणं म्हणजे काय असतं.
तिनं कागद वाचला, सही केली, माझ्या हातात दिला आणि मशीनकडं निघून गेली.
नऊ सेकंद. वाचण्यासकट.