धोतऱ्याचा काढा

रेणू,

बाबूजींना घेऊन तुमसरला दवाखान्यात चाललो. तुझा फोन घरीच वाजून राहिला, म्हणून ही चिठ्ठी.

त्यांनी दम्यासाठी धोतऱ्याची पानं उकळून पिली. चूक माझी. धोतऱ्याला संस्कृतात उन्मत्त म्हणत, 'धत्तूर' तर थेट लॅटिन नावात जाऊन बसला, आणि पूर्वी दमेकरी याच्या पानांची बिडी ओढत, हे काल जेवताना मीच ऐकवलं. "बिडी त मी सोडली ना बे, म्हणून काढा केला," म्हणाले. तेव्हा शुद्धीत होते.

डॉक्टरांना फोनवर सगळी नावं सांगितली. "नावं राहू द्या सर, किती पिले ते सांगा." तेवढंच मला माहीत नाही.

उरलेला काढा सोबत नेतो. गुड्डीला परसातल्या झाडाजवळ जाऊ देऊ नको. बाबूजींचं आधार कार्ड घेऊन ये.

आत्ता मला म्हणाले, "बसा गुरुजी, माझा पोरगा येऊनच राहिला." जन्मात पहिल्यांदा मला अहोजाहो केलं. मी बसलो. दुसरं काय करणार होतो?

गाडी आली. लवकर ये, तुला कदाचित ओळखतील.

प्रितम