ओरिजिनल, अनयूज्ड

अप्पा, गेल्या महिन्यात उणकलचे एक वकील माझ्या रायापूरच्या घरी आले. वडिलांची जुनी मोटार त्यांनी हौसेनं पुन्हा उभी केली होती. ब्रेकचा सिलिंडर आपल्या हुबळीच्या दुकानातून घेतलेला. आपल्या धाकट्यानं, माझ्या भावानं, फोनवर जाहिरात टाकली होती, ‘ओरिजिनल, अनयूज्ड’. जुन्या मोटारींच्या धंद्यात त्याचा अर्थ एकच: त्या काळी कंपनीनं बनवलेला, कुठल्याच गाडीला कधी न बसलेला माल. वकिलांनी विश्वास ठेवला. उतारावर ब्रेक लागला नाही, गाडी भिंतीवर गेली, शेजारी बसलेल्या बायकोचा हात दोन ठिकाणी मोडला. ‘खोकं कंपनीचं, मी काय करू’ म्हणत धाकट्यानं हात झटकले, म्हणून ते माझ्याकडे आले. खोकं टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाले, “अक्का, लहानपणी तुम्ही दुकानात बसायचात म्हणे. हा नंबर कंपनीत लिहिलाय का?”

मी आठवीत आहे. शाळेला सुट्टी. दुकानामागच्या खोलीत तुम्ही भंगारातून आणलेले सिलिंडर रॉकेलमध्ये धुताय. घासून, ग्रीस लावून, तेलकट कागदात गुंडाळून तुम्ही ते कंपनीच्या रिकाम्या खोक्यांत घालता आणि मी चिठ्ठीवर नंबर लिहिते, सातच्या पोटात आडवी रेघ देऊन. “पोरीचं अक्षर छापल्यासारखं,” म्हणत तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलं होतंत. एकदा एका सिलिंडरमध्ये बोट घातलं तर आत ओरखडे लागले. “अप्पा, हा वापरलेला आहे ना?” तुम्ही मान वर केली नाहीत. राग आला की तुम्ही कानडीत बोलायचात. “सुम्न बरी,” म्हणालात. गप लिही. मी लिहिलं. पुढं कॉलेजात जाईपर्यंत लिहीत राहिले. दुकान मात्र तुम्ही धाकट्याच्या नावावर केलंत. मुलीला गाड्यांतलं काय कळतं, असं पाहुण्यांसमोर म्हणालात, आणि मी आत चहा गाळत होते.

वकिलांना मी म्हटलं, “कंपनीत नाही. मी लिहिलाय. आतला माल भंगारातला.” त्यांनी ते कागदावर उतरवलं, मी सही केली. दुसऱ्या दिवशी धाकटा आला. चहाला हात लावला नाही. “अक्का, अनयूज्ड म्हणजे आपल्याकडे आल्यापासून न वापरलेला. अप्पांनीच शिकवलंय मला. त्यांचं नाव मातीत घातलंस तू.” फळीवरची उरलेली खोकी तरी काढून टाक, असं मी म्हटलं. तो उठून गेला. जाहिरात अजून तशीच आहे, आणि माझ्या हातचे नंबर कुठल्या कुठल्या गाड्यांखाली फिरताहेत, मला ठाऊक नाही. तुम्हाला तरी होतं का? तुम्ही तर शेवटपर्यंत कुणाच्या मोटारीत न बसता बसनंच माझ्याकडे आलात.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणतात, बापाविरुद्ध सही करायला मोठा धीर लागतो. मी त्यांना काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण हे पत्र कुठं जाणार नाही. तुम्ही जिवंत असतात, तर मी वकिलांना म्हटलं असतं, हे अक्षर मी कधी पाहिलेलं नाही.