सतीशच्या खोलीचा सबमीटर

६ जानेवारी २००३
लाइटबिल आलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आकडा तोच. मागची खोली रेल्वेतल्या सतीशला आणि त्याच्या बायकोला, करुणाला, दिली तेव्हा मोठ्या मनानं म्हणालो होतो, लाइट आमच्याकडं. आता चांगुलपणाचा फायदा घेतला जातोय. आजपासून तत्त्व ठरलं: जो जाळेल तो भरेल. हिला सांगितलं. ही म्हणाली, करुणा नळाचं पाणी भरून देते, माझ्या गुडघ्यांना तिचाच आधार. ती गेली तर मी कुणाकडं बघायचं? बायकांना तत्त्व कळत नाही.

८ जानेवारी
पाळत सुरू. सतीश नाइट ड्युटी करतो आणि दिवसा खिडकी लावून झोपतो. आत काहीतरी लपवलंय. बहुतेक हीटरची शेगडी. करुणाला सहज विचारलं. म्हणाली, गॅस हाय की आबा. सिलिंडरही दाखवला. दाखवायलाच ठेवला असणार.

१२ जानेवारी, दुपारी
दोघं कासुर्डीला लग्नाला गेलीत. चान्स साधला. त्यांच्या खोलीचा फ्यूज काढला. मीटरची चकती तरीही भरभर फिरतेय! म्हणजे छुपी वायर टाकलीय. पोरगा दिसतो तेवढा साधा नाही.

१३ जानेवारी
सतीशशी सभ्यपणे बोललो. तो म्हणाला, आबा, सबमीटर बसवा, जेवढं जळंल तेवढं देतो, पर आमच्यावर संशय नगा घिऊ. इतक्या पटकन कबूल? निर्दोष माणूस आधी भांडतो.

१४ जानेवारी
माऊली वायरमननं सबमीटर बसवला. सतीशनं त्याला नावानं हाक मारली. ओळख आहे तर. लक्ष ठेवायला हवं.

१५ फेब्रुवारी
सबमीटर जेमतेम हललाय. मोठं बिल मात्र होतं तसंच. सबमीटर बोगस. माऊलीला बोलावलं आणि सगळ्यांसमोर एकेक बटण बंद करायला लावलं. आमच्या गिझरचं बटण बंद झालं आणि चकतीचा जोरच गेला. माऊली म्हणाला, आबा, ह्यो रातंदिस चालूच ठिवता व्हय? त्याला समजावलं, सारखं चालू-बंद केलं की करंट जास्त खातो. वायरमन असून माहीत नाही! करुणा पदराआड हसली. सतीश हसला नाही. त्याचं न हसणंच खटकतंय.

२ मार्च
रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं म्हणून दोघं गेली. खोली धुऊन, भाडं चुकतं करून. पुरावा राहू नये म्हणून धुतली असेल. ही दारात उभी राहून रडली. मी त्यांना थांबा म्हणणार होतो. पण आधी त्यांनी विचारायला हवं होतं.

४ मार्च
नळाला पाणी आलं. अर्धी घागर उचलली आणि ही ओट्यावर बसली. ठरवलं: यापुढं पाणी मी भरणार.

६ मार्च
कंबर धरली. पाणी भरणं स्थगित.

१६ मार्च
ही करुणाकडं चार दिवस राहायला गेली होती, अजून आली नाही. सतीश निरोप घेऊन आला: काकू म्हनत्यात, हितं बटन कुणी लावलं म्हनून कुणी इचारत न्हाई, तवा अजून ऱ्हाते. त्याला चहा विचारायचा राहिला.

५ एप्रिल
लाइटबिल आलं. आकडा तोच.
खोलीला कुलूप आहे. ही तिकडं. घरात मी एकटा.
संशय घ्यायला कुणीच उरलेलं नाही.