'नवी'चे स्वभावचित्रण

१२ जानेवारी

वीसपैकी सहा. सहा! बाईंनी खाली लाल शाईत एवढंच लिहिलंय— "गाइड मीही वाचलं आहे. यात तू कुठे आहेस?"

मी कुठे असणार? मार्चमध्ये परीक्षा आहे, मी खुर्चीला खिळलेली! प्रश्न होता नेमलेल्या कादंबरीतल्या सावत्र आईच्या स्वभावचित्रणाचा. आईवेगळ्या पोराच्या घरी ती येते, आणि शेवटपर्यंत सगळे तिला नुसतं 'नवी' म्हणतात. गाइडात तिला सहा विशेषणं लावलीत. मी सहाही उतरवली. म्हणजे विशेषणाला एक गुण पडला.

बाई म्हणाल्या, "सरावाला दर आठवड्याला एक निबंध आण. पण स्वतःच्या डोक्यातला."

१५ जानेवारी

नवा निबंध— चार ओळी. चारही खोडल्या.

मावशी दुकानातून आली ती गुणगुणत! चपलांच्या दुकानात दिवसभर वाकून लोकांच्या पायात जोडे चढवायचे, कंबर धरूनच घरी यायचं, हे तिचं नेहमीचं. आणि आज गाणं?

(मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. आई गेल्यावर, मी अकरा वर्षांची असताना, बाबांनी हिच्याशी लग्न केलं. मी 'आई' म्हणेना, तेव्हा मधला मार्ग म्हणून 'मावशी'. आता बाबाही नाहीत. उरलो आम्ही दोघी. वहीला जसं काही हे माहीतच नाही!)

आम्ही भांडत नाही. "जेवलीस?" "हो." "दार लाव." झालं संभाषण.

१९ जानेवारी

गाण्याचा उलगडा झाला. घड्याळजी! म्हणजे कोपऱ्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. सहा वर्षांच्या मुलीला बूट घ्यायला आले होते. पोरगी एका जागी ठरेना म्हणून मावशीने तिचं नाव भिंगरी ठेवलं. आता ते दर दोन दिवसांनी दुकानात येतात. भिंगरीला किती पाय आहेत म्हणे?

मावशीने भाजी चिरता चिरता सांगितलं, मान वर न करता. "त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी अजून काही बोलले नाही. तुला काय वाटतं?"

"तुझं तू बघ," म्हणाले आणि पुस्तक उघडलं. उलटं होतं. तिने पाहिलं असणार.

२३ जानेवारी

आज निबंध झाला. एका बैठकीत!

नवीबद्दल लिहिता लिहिता मावशीबद्दल लिहीत गेले. आल्या आल्या तिने आईचं कपाट कसं रिकामं केलं. पहिल्याच आठवड्यात आईचा आरसा भिंतीवरून काढून कुणाला तरी देऊन टाकला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला, त्यात मी तोंड बघायचे. 'नवी माणसं आधी जुन्यांच्या खुणा पुसतात'— हे वाक्य सुचलं तेव्हा अंगावर काटाच आला. माझंच वाक्य, माझ्याच अंगावर!

२७ जानेवारी

अठरा!!

बाईंनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. "याला म्हणतात जिवंत लिहिणं." सगळे वळून वळून बघत होते. मी लाजल्यासारखं केलं. खरं तर हवेत होते.

२८ जानेवारी

शेजारची मैत्रीण माझ्याच वर्गात. तिने घरी सांगितलं. तिच्या आईने जिन्यात मावशीला गाठलं— "पोरीने काय मनात धरलंय हो तुमच्याबद्दल!"

मावशी आली, चप्पल काढली, हातपाय धुतले. मी वाट बघत बसले. आता फुटेल, मग फुटेल. तिने ताटं वाढली. अर्धी पोळी खाल्ल्यावर म्हणाली, "कपाटाचं बरोबर लिहिलंयस. घाई केली मी. चार दिवस माझे कपडे पेटीत होते, कंटाळले होते. आरशाचं मात्र तसं नाही."

"मग कसं?"

"जाऊ दे. अठरा मिळाले ना?"

३० जानेवारी

मीच विचारलं. आरसा सलायला लागला होता.

बाबा रोज त्या आरशापुढे दाढी करायला उभे राहायचे आणि अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर यायचे. पुढे बघवेना त्यांना. मावशीला म्हणाले, "तू काढ. मी काढला तर पोरगी मला माफ करायची नाही. तुला नाहीतरी ती करणार नाहीच."

मी म्हटलं, "आणि तू ऐकलंस?"

"नवीन होते. चांगलं वागायचं ठरवून आले होते."

बाबांचा राग आला. गेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? भिंतीशी बोलल्यासारखं. सात वर्षं तिने तोंड उघडलं नाही. कारण काय, तर मला निदान बाप तरी चांगला उरावा!

४ फेब्रुवारी

गुणगुणणं बंद. घड्याळजींना नाही म्हणून आली.

"का?"

"एका जन्मात एकदा पुरे. मला जमत नाही ते, तूच लिहिलंयस."

"मी अकरा वर्षांची होते. दिसलं ते लिहिलं."

"मग? भिंगरी तर सहाच वर्षांची आहे."



५ फेब्रुवारी

अभ्यास शून्य.

९ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं, तो निबंध खोटा होता. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटा नव्हता. अर्धा होता. मी अठरा दिले ती माझी चूक." आणि पुढे— "कादंबरी पुन्हा वाच. आता नवी काय बोलते तेवढंच बघ."

१३ फेब्रुवारी

वाचली. नवी काहीच बोलत नाही! अख्ख्या पुस्तकात तिच्या तोंडी एक वाक्य नाही. सांगतो सगळं तो मुलगा. तिने दार लावलं, हे तो सांगतो. दारामागे तिने काय केलं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि आपण त्या पोराच्या जिवावर सहा विशेषणं पाठ करतो!

रविवार, १५ फेब्रुवारी

मावशी उन्हात केस वाळवत बसली होती. शेजारी जाऊन बसले. "घड्याळजींना हो म्हण."

"कशाला? निबंधाला चांगला शेवट हवाय?"

लागलं. लागायलाच हवं होतं.

म्हटलं, "मला कुणी आरशाचं सांगायला नव्हतं. त्या घरी मी असेन ना! भिंगरीला फुगायचं तेवढं फुगू दे. मग मी सांगेन."

"काय सांगशील?"

"की ही बाई मनातलं बोलत नाही. हिला खोदून खोदून विचारावं लागतं."

मावशीने केस तोंडावर ओढून घेतले आणि कितीतरी वेळ विंचरत बसली. गुंता तर कुठे दिसत नव्हता.

२० फेब्रुवारी

घड्याळजी भिंगरीला घेऊन घरी आले. भिंगरीने मावशीकडे ढुंकून पाहिलं नाही. माझ्या शाईत बोटं बुडवून पडद्याला पुसली. मावशी ओरडणार होती, थांबली. मी म्हटलं, "ओरड की! पडदा तुझा आहे." ओरडली. भिंगरीने भोकाड पसरलं. घड्याळजींना हसावं की रडावं कळेना. एकूण बरं झालं.

१२ मार्च

पेपर झाला. नवी आली! सुरुवातच केली— 'या पात्राचे स्वभावचित्रण करणे अवघड आहे, कारण तिला कुणी काही विचारलेले नाही.' मग लिहीतच सुटले. शेवटचा प्रश्न अर्धवट राहिला, घंटा झाली, पर्यवेक्षकांनी पेपर हातातून ओढून घेतला. सहा पडतील नाहीतर अठरा.

मावशी फाटकाशी उभी होती. दुकानातून रजा काढून! "कसा गेला?" म्हणाली. मी नेहमीसारखं "बरा" म्हटलं नाही. रस्ताभर सांगत आले.

३० मार्च

विवाह नोंदणी कार्यालय. साक्षीदार म्हणून सही करायला माझं नाव पुकारलं. कारकुनाने वर न बघता विचारलं, "वधूच्या आपण कोण?"

"मुलगी."