माझ्या घराभोवती तिचं गवत

१२ जून
कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, नोव्हा स्कोशियातल्या घराचा ताबा मिळाला. एकशेदहा वर्षांचं, समुद्र हाकेच्या अंतरावर, आठ वर्षं बंद. थोडी डागडुजी, थोडा रंग, की झालं. गाव फार छान आहे असं कितीदा सांगितलं, तरी मॉरीन टोरांटोचा फ्लॅट सोडायला तयार नाही. ख्रिसमसला येऊन बघेल. राहण्यासारखं वाटलं तर राहील, नाहीतर मी इथे आणि ती तिथे, असं तोंडावर बोलली. चाळीस वर्षांच्या संसारानंतर अट! असो. मी तीस वर्षं विमा कंपनीत बिघडलेल्या घरांचे दावे तपासलेत. घर कशाने बिघडतं हे मला कोणी शिकवू नये.

१४ जून
शेजारीण वेल्मा झिंक. विधवा, वय एकाहत्तर, पिकअप चालवते. ओळख करून घ्यायला गेलो तर म्हणाली, लेव्हीचं घर घेतलं ते तुम्हीच का. लेव्ही हा तिचा दीर, तो वारल्यालाही आठ वर्षं झाली. मी बजावलं, आता ते हॉवर्डचं, म्हणजे माझं घर. तिने मान डोलावली आणि लेव्हीच्या घराचा मागचा दरवाजा पावसात फुगतो असं सांगितलं.
फुगतो. पण तो मुद्दा नाही.

३ जुलै
आजपासून सहाला उठणे, आठपासून काम. साडेनऊला उठलो. पाठ.

२० जुलै
स्वयंपाकघराची भिंत फोडली. आत समुद्राचं वाळलेलं गवत, ठासून भरलेलं. भिंतीत कचरा भरणारी माणसं ही. बारा पोती निघाला. जाळायला गेलो तर पेटेचना. गावासारखंच हट्टी. वेल्मा येऊन विचारून गेली की आता थंडी अडवायला भिंतीत काय भरणार. म्हटलं, बाई, भिंतीत भिंत असते.

५ सप्टेंबर
स्वयंपाकघर तयार. फिकट पिवळा रंग, नवा नळ. मॉरीनला फोटो पाठवला. तिने विचारलं, बाकीचं घर कुठे आहे.
कौतुक करणं तिच्या स्वभावातच नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
हल्ला. घराच्या पायाला चारही बाजूंनी गुडघाभर ओलं समुद्री गवत लावलेलं, बाहेरून फळ्या आणि खुंट्या. वेल्मा पिकअपमधून आणखी उतरवत होती. जाब विचारला. म्हणे, लेव्हीच्या घराला आम्ही दर वर्षी लावतो, पाया नुसत्या दगडांचा आहे, फटींतून वारा शिरतो. परवानगी कोणी दिली विचारलं, तर तिला प्रश्नच कळला नाही. वास तर असा की मासळीबाजार बरा. मॉरीन गाडीतून उतरणारसुद्धा नाही.

१० नोव्हेंबर
सगळं उपसून ढकलगाडीने तिच्या फाटकासमोर नेऊन टाकलं. चौतीस खेपा. पाठ कामातून गेली. समाधान आहे.

१४ नोव्हेंबर
दुकानात गेलो होतो तेवढ्यात पुन्हा लावलं. पुन्हा उपसलं. नगरपालिकेत तक्रार द्यायला गेलो. खिडकीतल्या बाईने सगळं ऐकून काळजीने विचारलं, म्हणजे तुमच्या घराला अजून गवत लागलंच नाही?
सगळे सामील आहेत.

१६ नोव्हेंबर
वेल्माला लेखी नोटीस दिली. तिने त्याच कागदाच्या पाठीवर लिहून पाठवलं: बरं, नाही लावत. शरण आली. ठणकावून सांगितल्याशिवाय ही माणसं ऐकत नाहीत.

१७ डिसेंबर
उणे चौदा. नळाला पाणी नाही. दाब कमी असावा.

१८ डिसेंबर
भिंतीतला पाइप गोठलाय. हेअरड्रायरने दोन तास शेकला. पाणी आलं, पण नळातून नाही. पंपाचं बटण सापडेपर्यंत पिवळी भिंत सोलवटून खाली आली. जमिनीवर आता बर्फ आहे. लेव्हीने पाइप भलत्याच जागी बसवलाय.

२० डिसेंबर
मॉरीन आली. कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली. नव्वद टक्के काम झाल्याचं सांगितलं. तिने बाथरूम विचारलं. तेवढ्यात वेल्मा आली आणि मॉरीनची बॅग उचलून तिला घेऊन गेली. मलाही बोलावलं. तत्त्व म्हणून गेलो नाही.

२४ डिसेंबर
चार दिवस मॉरीन तिथेच. मी दोन कोट घालून हीटरला चिकटून बसलोय. वेल्माच्या खिडकीतून दोघी पत्ते खेळताना दिसतात. हसतातही. मॉरीनला असं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं नाही.
निर्णय: तिच्यासाठी मी माघार घेईन. टोरांटोला परत जाऊ. उपकार म्हणून सांगायचं, हरलो म्हणून नाही.

२६ डिसेंबर
गेलो. वेल्माच्या स्वयंपाकघरात मॉरीन बाह्या सरसावून पीठ मळत होती. मी म्हटलं, तू जिंकलीस, हे गाव माणसांनी राहण्यासारखं नाही, परत जाऊ.
"छान आहे गाव," ती म्हणाली. "तू सांगत होतास ते अगदी खरं होतं, हॉवर्ड. वेल्माची माडीवरची खोली घेतलीये मी. राहते इथेच."
आणि मी, असं विचारलं. वेल्मा उठून चुलीतली लाकडं सारखी करायला लागली.
"तू फ्लॅटवर जा," मॉरीन म्हणाली. "तिथे उबदार आहे."
उद्या दुपारचं विमान. तिकीट मॉरीनने परवाच काढून ठेवलं होतं.
ख्रिसमसपर्यंत तिला इथे राहायला पटवायचं होतं. पटलंय.